खिळाच आहे, उस्ताद

“सोडा ते, मेजर. कचरा आहे.”

एवढं बोलून तो चार पावलं पुढे गेलासुद्धा. मी तिथेच उभा. हेडफोनमधून बसका, तुटक आवाज येत होता आणि माझे गुडघे आपसूक वाकायला लागले होते. आवाज आला की खाली बसायचं, खरं तर पालथं पडायचं, ही सवय मला 1981 साली खडकीला लागली. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, घरापासून सात हजार किलोमीटरवर, गव्हाच्या धसकटांत उभा होतो तरी ती सुटलेली नव्हती.

ही 2022 च्या ऑगस्टची गोष्ट. लेक इंग्लंडात सफोक परगण्यात नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. बायकोच्या हातांना उसंत नव्हती आणि माझ्या हातांना काम नव्हतं. शेजारी एक निवृत्त सुतार राहायचा. दर शनिवारी खांद्यावर धातू शोधायचं यंत्र टाकून तो कुठेतरी जायचा आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत यायचा. लेकीने त्याला सांगितलं की बाबा सैन्यात असताना सुरुंग शोधायचे. दुसऱ्याच शनिवारी तो जादाचं यंत्र घेऊन दारात हजर. मी सैन्यात होतो म्हटल्यावर त्याने मला परस्पर मेजर करून टाकलं होतं. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो हे दोन-तीनदा सांगून पाहिलं, पण तो शब्द त्याच्या जिभेवर बसेना. फुकट मिळालेलं प्रमोशन मग मीही परत केलं नाही.

त्या देशात या नादाला रीतसर जागा आहे. शेतमालकाची परवानगी घ्यायची, सापडेल त्यात अर्धं त्याचं असं आधीच ठरवायचं. संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवान्याशिवाय यंत्र नेणं गुन्हा आहे. सोन्याचांदीची तीनशे वर्षांपेक्षा जुनी वस्तू सापडली, किंवा तशी दोन नाणी एका जागी सापडली, तर 1996 च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कळवावं लागतं. बाकीच्या किडूकमिडूक वस्तूंची नोंद सक्तीची नाही, तरी ती करून घ्यायला ठिकठिकाणी माणसं नेमलेली आहेत. हे सगळं म्हाताऱ्याने मला गाडीतच ऐकवलं. शिस्तीचा माणूस होता. माझं त्याच्याशी जमलं ते त्यामुळेच.

यंत्राचं तत्त्व मला नवं नव्हतं. चकतीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात. खाली धातू असला तर त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांची उलट हाक चकतीला ऐकू येते. आमच्या फौजी यंत्राचं काम इथेच संपायचं. धातू आहे की नाही, बस. म्हाताऱ्याचं यंत्र एक पायरी पुढचं. ही उलट हाक किती मागे पडली ते मोजून ते पडद्यावर आकडा दाखवायचं, उणे 9 पासून 40 पर्यंत. उणे म्हणजे लोखंड. चॉकलेटचा चंदेरी कागद तळाशी दोन-तीनच्या घरात. वर तिशीकडे तांब्याची जाड नाणी आणि मोठी चांदी. आवाजही वेगवेगळे. लोखंड गुरगुरतं, चांदी किणकिणते. नको ते आकडे बंद करून ठेवायचीही सोय होती. लोखंड बंद केलं की यंत्र खिळ्यांवरून मुकाट्याने जातं.

गोची अशी की यंत्राला धातूचं नाव कळत नाही. वस्तूतून वीज किती सहज वाहते, ती केवढी आहे, किती जाड आहे, या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे तो आकडा. त्यामुळे सोन्याची नाजूक अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी एकाच घरात राहतात, बारा-तेरा-चौदाच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमचा चेपलेला डबा मोठ्या चांदीच्या नाण्याच्या थाटात बोलतो. आणि लोखंड तर बहुरूपी. वाकडा खिळा, वॉशर किंवा गंजलेला जाड तुकडा कधीकधी इतका गोड आवाज काढतो की भल्याभल्यांना चकवतो. पहिल्याच दिवशी मी अशा एका आवाजापायी कोपरभर खड्डा केला. निघालं नांगराच्या फाळाचं टोक. म्हाताऱ्याने ते हातात घेऊन न्याहाळलं आणि माझ्याच पिशवीत टाकलं. कचरा ज्याने काढला त्यानेच घरी न्यायचा, हाही तिथला नियम.

मग त्याने मला शिकवायला घेतलं. आवाज आला की त्याभोवती काटकोनात फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने चकती फिरवायची. नाणं गोल असतं, ते कुठूनही विचारलं तरी तेच उत्तर देतं. खिळा एका बाजूने गातो आणि दुसऱ्या बाजूने गुरगुरतो. मग चकती हळूहळू वर उचलायची. वीतभर वर जाताच आवाज विरला तर वस्तू लहान. गुडघ्यापर्यंत उचलली तरी बोलतच राहिला तर डबा किंवा पत्रा. आकडा एका जागी ठरतो की उड्या मारतो ते बघायचं. आवाजाची कड बघायची. ही ‘कड’ मला चटकन समजली, कारण ती सांगता येत नाही, ऐकावीच लागते. चांगल्या नाण्याचा आवाज कापल्यासारखा सुरू होतो आणि कापल्यासारखा थांबतो. भंगाराचा आवाज कडेला फाटतो.

एवढं शिकूनही पिशवी भरायची ती छऱ्याच्या काडतुसांच्या पितळी बुडांनी, शिशाच्या गोळ्यांनी, बटणांनी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चुऱ्याने. हा चुरा कुठून येतो? गावोगावच्या बागांमधला पालापाचोळा गोळा करून त्याचं खत करतात आणि शेतात पसरतात. त्या पाल्यात कुणीतरी टाकलेले डबे असतात, तेही यंत्रात दळले जातात. असं खत एकदा पडलं की त्या शेतात यंत्र घेऊन जाण्यात अर्थ उरत नाही. दर पावलाला दहा आवाज. म्हातारा एरवी कधी शिवी देत नसे, पण या खताचा विषय निघाला की द्यायचा.

तर तो म्हणायचा, सोडा ते, कचरा आहे. आणि मला सोडवत नव्हतं. कारण सांगायचं तर खडकीला जावं लागेल.

ट्रेनिंगच्या मैदानात आमच्यासाठी नकली सुरुंग पुरून ठेवलेले असायचे. त्यांच्यामध्ये मुद्दाम डबे, खिळे, तारेचे तुकडे, रिकाम्या पुंगळ्या. आम्ही यंत्र फिरवत एका रांगेत जायचो. पोरवयात कान तिखट असतो. महिन्याभरात मला खिळ्याचा आवाज ओळखू यायला लागला, निदान मला तसं वाटायला लागलं. एके दिवशी आवाज आला, मी खाली न बसताच म्हणालो, “कील है, उस्ताद,” आणि पाऊल उचललं. उस्तादांनी मला तिथेच थांबवलं. स्वतः पालथे पडले, सळई तिरपी धरून माती टोचत गेले, ब्रशने झाडलं. खिळाच होता. मी हसलो. त्यांनी मला मैदानाला कोलांट्या उड्या मारत दोन फेऱ्या घालायला लावल्या.

खरं बोलल्याची शिक्षा. त्या रात्री बराकीत मी फार चडफडलो. समजलं ते वीस वर्षांनी.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेवर गेलं आणि शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात सुरुंग पेरले गेले. पुढच्या ऑक्टोबरात सैन्य मागे घ्यायचं ठरलं आणि पेरलेलं काढायचं काम उरलं. मी त्या वेळी हवालदार होतो, राजस्थानात. तिथली वाळू एका जागी बसत नाही. नकाशात सुरुंग एका ठिकाणी आणि वाऱ्याने तो वर आणलेला किंवा खोल गाडलेला. जमीन शेतकऱ्यांची, त्यामुळे खाली काय नव्हतं? बैलाच्या पत्रीचे तुकडे, पंपाचे नट, कुंपणाची तार, गोळ्यांच्या पुंगळ्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस मारायच्या लहान सुरुंगाचा जुना नमुना जवळजवळ सगळा प्लास्टिकचा असतो. धातू म्हणावं तर आत सुईएवढी पोलादी पिन. पुढे आंतरराष्ट्रीय नियमाने अशा सुरुंगात निदान 8 ग्रॅम लोखंडाच्या तोडीचा धातू असला पाहिजे असं ठरलं, कारण जो सापडत नाही तो लढाई संपल्यावरही मारत राहतो. पण शोधणाऱ्याला सगळ्यात लहान सुई गृहीत धरूनच यंत्र लावावं लागतं. आणि सुई ऐकू येईल इतका यंत्राचा कान तिखट केला की प्रत्येक टाचणीही ओरडते. त्यामुळे आमच्या यंत्रात लोखंड बंद करायची सोय नव्हती आणि असती तरी कुणी वापरली नसती. दिवसभरात खाटेएवढी जागा साफ झाली तरी चांगलं काम झालं म्हणायचं. प्रत्येक आवाजाला पालथं पडायचं, सळई तीस अंशात तिरपी, कारण उभी टोचली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब येतो. टोच, थोडं पुढे, टोच. घाम डोळ्यांत. अर्ध्या तासाने वर येतो बाटलीचं झाकण.

झाकण बघून राग यायला पाहिजे. आम्हाला आनंद व्हायचा. उस्तादांनी दिलेल्या दोन फेऱ्यांचा अर्थ मला तिथे वाळूत कळला. मी खिळा ओळखला होता हे खरं, पण ‘ओळखलं’ म्हणून पाऊल उचलायची सवय ज्याला लागते, त्याचा नव्याण्णव वेळा खिळाच निघतो.

हे सगळं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि थर्मासमधला चहा ओतत जो हिशेब मांडला तोही खोटा नव्हता. तो म्हणाला, माझं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. दिवसाला चाळीस खड्डे माझ्याच्याने होतात, एकेचाळिसावा नाही. ते चाळीस खिळ्यांवर घालवू की नाण्यांवर? माझं एखादं नाणं सुटलं तर ते सुटलं हे मलाही कळणार नाही, त्यालाही नाही. पाचशे वर्षं पडून होतं, आणखी पडेल.

बरोबरच होतं. त्याचा कान माझ्यापेक्षा कमी तिखट नव्हता. आमच्यात फरक होता तो चुकीच्या किमतीचा. त्याची चूक फुकट होती, आमची पायाएवढी. यंत्रातलं कोणतं बटण कुठे ठेवायचं हे धातूवरून ठरत नाही, काय गमवायला परवडतं त्यावरून ठरतं. आमच्याकडे सराफ गल्लीतले झारेकरी सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ आणि गटारातला गाळसुद्धा धुऊन बघतात. त्यांना गाळातली एक चिमूट टाकणं परवडत नाही, म्हणून त्यांच्या लेखी कचरा असा नसतोच.

त्याच महिन्यात लेकीने आम्हाला जवळच सटन हू दाखवायला नेलं. 1939 मध्ये बेसिल ब्राउन नावाच्या सफोकच्याच स्वयंशिक्षित माणसाने तिथलं एक टेकाड उकरलं. त्याला पहिल्यांदा काय मिळालं? गंजलेल्या लोखंडाची रिव्हेटं. त्याने हात आवरला, माती जपून झाडत गेला आणि रिव्हेटांच्या रांगाच्या रांगा दिसायला लागल्या. सत्तावीस मीटर लांब जहाज होतं ते, बहुधा एका राजाचं दफन. लाकूड आम्लधर्मी वाळूत केव्हाच विरून गेलेलं, वाळूत फक्त त्याचा ठसा आणि रिव्हेटं उरली होती. ‘लोखंड बंद’ केलेलं यंत्र घेऊन कुणी त्या टेकाडावर गेलं असतं तर जहाज त्याला ऐकूच आलं नसतं. मी म्हाताऱ्याला हे ऐकवलं तर त्याने उलट मला हॉक्सनची गोष्ट सांगितली. तेही सफोकमधलंच गाव. 1992 च्या नोव्हेंबरात एरिक लॉज यंत्र घेऊन शेतात गेले ते शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला. सापडली रोमन काळातली चौदा हजारांवर नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू. त्यांनी सगळं उपसलं नाही, थोडं दिसताच थांबून कळवलं, म्हणून पुढचं उत्खनन नीट होऊ शकलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

“बघा,” म्हातारा म्हणाला, “तो लोखंड शोधायला गेला होता.” म्हणजे गोष्ट माझ्याच बाजूची होती. प्रामाणिक माणूस.

सप्टेंबरात एका शेतकऱ्याने आम्हाला ओढ्याकाठचं रान दिलं. तिथे पूर्वी जत्रा भरायची म्हणे, त्यामुळे डब्यांच्या कड्यांचा सडा. म्हाताऱ्याने यंत्रातले बारा ते चौदा आकडे बंद केले आणि वरच्या अंगाला निघून गेला. मी बंद केले नाहीत. मला चाळीस खड्ड्यांचं बंधन नव्हतं, गुडघे शाबूत होते आणि घरी जाऊन करायला काही नव्हतं. तीन शनिवार मी कड्या काढल्या. एकशे बारा मोजल्या. एकशे तेरावा आवाज हुबेहूब कडीचा, आकडा तेरा, कड जराशी फाटलेली. वर आला चांदीचा पातळ तुकडा, अर्ध्या चंद्रासारखा, नखाएवढा. मला वाटलं मोडकं नाणं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, तुकडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

ते मोडलेलं नव्हतं, मुद्दाम कापलेलं होतं. तेराव्या शतकात तिकडे अर्ध्या पेनीचं गोल नाणं सर्रास मिळत नसे, ती पाडायला लागले 1279-80 च्या सुमारास. तोवर सुटे हवे असले की चांदीची पेनी तिच्यावरच्या क्रुसाच्या रेषेवरून कापायची. अर्धी किंवा पाव. आपण शंभराची नोट ‘मोडून आण’ म्हणतो आणि सुट्या पैशांना ‘मोड’ म्हणतो. तिथे ते खरोखरच मोडायचे. बाजारात कुणीतरी भाजी किंवा बिअर घेतली असेल आणि त्याच्या कनवटीची अर्धी पेनी तिथे गळून पडली असेल. कायद्याच्या भाषेत हा खजिना नव्हे, एकच नाणं होतं. तरी आम्ही त्याची नोंद करून घेतली. नकाशावर तो बिंदू माझ्यामुळे पडला, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही एका मोठ्या नांगरटीत होतो. पलीकडे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाची मोडकी धावपट्टी. सफोकमध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे असे बरेच तळ होते. म्हाताऱ्याला आवाज आला आणि त्याने हात वर करून मला बोलावलं. मी हेडफोन लावून ऐकलं. इतका सुंदर आवाज मी त्या तीन महिन्यांत ऐकला नव्हता. चारी बाजूंनी सारखा, आकडा तिशीच्या वर ठाम, कड सुरीने कापल्यासारखी. त्याने शिकवलेल्या सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात पास. तो कुदळी घेऊन खाली बसला. ढेकूळ उलटलं, आत पितळ चमकलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने बोटं घातली.

मला दिसला फक्त खांदा. बाटलीला असतो तसा उतरता खांदा आणि त्याच्या पुढे गंजलेलं टोक. मी ओरडलो, तेही हिंदीत, “रुको! हाथ मत लगाना!” त्याला हिंदीचा एक शब्द येत नाही. पण तो थांबला.

विमानाच्या तोफेचा न उडालेला गोळा होता, वीस मिलिमीटरचा. ऐंशी वर्षांचा. पितळी पुंगळीमुळे एवढा गोड बोलत होता. मी त्याला हात मागे घ्यायला लावला, आल्या पावलांवरून उलटं चालवलं, बांधावर काठी रोवून तिला त्याचा लाल रुमाल बांधला आणि तिथून त्याने 999 ला फोन केला. आधी पोलीस आले, दोन तासांनी सैन्याची तुकडी. त्यांनी तो गोळा लांब नेऊन उडवला. तुकडीतल्या कोवळ्या पोराने विचारलं, हे ओळखलं कुणी? म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मेजरनी.” मी म्हटलं, “सुभेदार.” त्या दिवशी मला माझीच रँक हवी होती.

परतीच्या वाटेवर म्हातारा गप्प होता. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला की पन्नास वर्षांत असल्या आवाजाला मी दोनशे वेळा तरी हात घातला असेल.

गावी आलो तर बातमी आधीच पोचलेली. माण तालुक्यात आमचं गाव, उशाला पडका गड. पोरं यायला लागली: काका, यंत्र आणलं का, गडावर गुप्तधन आहे म्हणतात. मी यंत्र आणलं नाही आणि आणणारही नाही. आपल्याकडचा निखात निधीचा कायदा 1878 चा आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित गड उकरणं हा तर वेगळाच गुन्हा. पण पोरांना मी कायदा सांगत बसत नाही, त्यांना त्या खांद्याचं चित्र काढून दाखवतो. कारण आपल्याकडेही सैन्याच्या गोळीबार सरावाच्या जागा आहेत, त्यांच्या कडेला भंगार वेचणारी माणसं आहेत, पितळ-तांब्याला किलोवर भाव आहे आणि ते वेगळं काढायला लोक हातोडी वापरतात.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. नांगराला, विहिरीच्या मातीत, ओढ्यात किंवा भंगाराच्या ढिगात जड, लांबट, एका टोकाला निमुळतं काही दिसलं तर ते उचलू नका, हलवू नका, ठोकून बघू नका, घरी आणू नका. पोरांना लांब करा, लांबूनच खूण करा आणि 112 ला फोन करा. खिळा निघाला तर निघू दे.